मुरबाड-शहापूरकडे पहिली शेतजमीन घ्यायची आहे, तर पैसा कसा उभा करायचा?

प्रश्न थोडक्यात असा: घणसोलीत राहणारं जोडपं, दोघांनाही नोकरी. साठवलेले १४ लाख हाताशी आहेत. वडिलांच्या नावावर जुन्नर तालुक्यात सव्वादोन एकर आहे. मुरबाड किंवा शहापूर तालुक्यात एकभर जमीन घेऊन भाजीपाला आणि फळझाडं करायची इच्छा आहे. घराजवळच्या बँकेने ‘शेतजमिनीला आम्ही कर्ज देत नाही’ असं सांगून परत पाठवलं. आता कोणते मार्ग उरतात?

मार्ग आहेत, पण त्याआधी एक हिशेब समोर ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. समजा एक एकर २५ लाखांना मिळाली. ठाणे जिल्ह्यात पाण्याची सोय नसलेल्या खाचरात पावसाळी भात हेच पीक. एकरी १५ क्विंटल उतारा चांगला धरला आणि २०२५-२६ चा साधारण भाताचा हमीभाव २,३६९ रुपये लावला, तर हातात येतात ३५,५३५ रुपये. यातून नांगरणी, लावणीची मजुरी, खत, कापणी, झोडणी जायची आहे. आता याच जमिनीसाठी १५ लाख कर्ज १० टक्क्यांनी १५ वर्षांसाठी काढलं, तर महिन्याचा हप्ता सुमारे १६,१२० रुपये, म्हणजे वर्षाला १ लाख ९३ हजार. भाताचं सगळं उत्पन्न, खर्च न काढता दिलं, तरी सव्वादोन महिन्यांचेच हप्ते भरतात.

म्हणजे मुंबईच्या सावलीतल्या जमिनीचा भाव शेतीच्या उत्पन्नावर ठरलेला नाही, त्यामुळे तो शेतीतून फिटतही नाही. म्हणून इथे कर्ज शोधताना ‘कोण देईल’ हा प्रश्न दुसरा. हप्ता कोणत्या पैशातून जाणार, तो पैसा किती वर्षं टिकणार आणि जमीन घेतल्यावर विहीर-कुंपणाला काही उरणार का, हे आधी ठरवायचं. सगळी पुंजी जमिनीत घालून पाण्याला पैसा न ठेवणं ही नव्या शेतकऱ्याची सगळ्यात महाग चूक. माझा आडाखा असा: जमिनीच्या किमतीच्या निदान चौथा हिस्सा पाणी, कुंपण, वीज आणि पहिल्या दोन हंगामांच्या भांडवलासाठी वेगळा काढून ठेवावा. तो निघत नसेल तर एकराऐवजी अर्धा एकर बघावी.

बँकेने नाही म्हटलं त्यामागचं कारणही समजून घ्या, म्हणजे दारोदार फिरायला लागणार नाही. फ्लॅटचं कर्ज थकलं तर बँक २००२ च्या सरफेसी कायद्याखाली न्यायालयात न जाता तो ताब्यात घेऊन विकू शकते. त्याच कायद्याच्या कलम ३१ ने शेतजमीन यातून वगळलेली आहे. त्यातच महाराष्ट्रात शेतजमीन फक्त शेतकऱ्यालाच विकता येते, म्हणजे लिलावाला गिऱ्हाईकही मोजकं. गृहकर्जाच्या खिडकीवर बसलेल्या माणसाकडे या मालासाठी योजनाच नसते. रिझर्व्ह बँकेच्या अग्रक्रम क्षेत्राच्या (ज्यांना बँकांनी कर्जाचा ठराविक हिस्सा द्यायचाच असतो) नियमांत शेतजमीन खरेदीचं कर्ज बसतं, पण ते लहान आणि सीमांत शेतकऱ्यांसाठी. तुम्ही त्या चौकटीत याल का, हाच कळीचा मुद्दा आहे.

आधी शेतकरी म्हणून कागदावर उभं राहा

महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ चं कलम ६३ सांगतं की बिगरशेतकऱ्याला शेतजमीन हस्तांतरित करता येत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीची वाट आहे, पण शेतीसाठीच घ्यायची असेल तर अर्जदाराचं इतर मार्गाचं वार्षिक उत्पन्न १२ हजार रुपयांच्या वर नसावं अशी अट त्यात आहे. पगारदारासाठी ही वाट बंदच समजा. ‘परवानगी काढून देतो, लाखभर लागतील’ म्हणणाऱ्या दलालाला तिथेच नमस्कार करा. खोट्या शेतकरी दाखल्यावर केलेलं खरेदीखत कलम ८४क खाली अवैध ठरवलं जातं आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. तशा जमिनीसाठी काढलेलं कर्ज मात्र तुमच्या डोक्यावर राहतं.

तुमच्याकडे वडिलांची जमीन आहे, हे मोठं भांडवल आहे. वडील हयात असताना त्यांचा सातबारा, ८अ (खातेउतारा), वंशावळ आणि तहसीलदारांचा शेतकरी दाखला यावर खरेदी होते. पण कर्जाच्या दृष्टीने तुमचं स्वतःचं नाव सातबाऱ्यावर येणं केव्हाही चांगलं. त्यासाठी दोन सोपे रस्ते. एक, जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे कुटुंबात वाटप. शेतजमिनीच्या वाटणीपत्राला मुद्रांक १०० रुपये. दुसरा, वडिलांकडून बक्षीसपत्र. मुलगा, मुलगी, पती, पत्नी, नातवंडं यांना शेतजमीन बक्षीस देताना मुद्रांक २०० रुपये, वर स्थानिक अधिभार. दोन्हीत तुकडेबंदीची (जमिनीचे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडे पाडायला बंदी) मर्यादा सांभाळायची. बहीण असेल तर तिला विश्वासात घेऊन, तिची सही घेऊनच करा. नंतर उभा राहिलेला वारसहक्काचा दावा बँकेच्या वकिलाला हमखास दिसतो आणि प्रकरण तिथेच अडकतं.

नाव लागलं की फेरफाराची (सातबाऱ्यावरच्या बदलाच्या नोंदीची) नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस जातात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. त्यानंतर ‘अ‍ॅग्रिस्टॅक’मध्ये (शेतकऱ्यांच्या सरकारी डिजिटल नोंदणीत) शेतकरी ओळख क्रमांक काढून घ्या, एप्रिल २०२५ पासून राज्याच्या कृषी योजनांना तो सक्तीचा आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत राज्याच्या महाभूमी संकेतस्थळावरून मिळतो, तो काढून जपून ठेवा.

बँकेचं जमीन खरेदी कर्ज

स्टेट बँकेची जमीन खरेदी योजना या कामासाठीच आहे. ती लहान-सीमांत शेतकरी आणि भूमिहीन शेतमजुरांसाठी. लहान म्हणजे जिरायत पाच एकरांपर्यंत किंवा बागायत अडीच एकरांपर्यंत. आधीच्या कर्जाची निदान दोन वर्षं नियमित परतफेड केलेली असावी, ही मुख्य अट. बँक ठरवेल त्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत कर्ज, जमीन फिटेपर्यंत बँकेकडे गहाण. तयार जमिनीला एक वर्ष आणि सुधारणा करावी लागणाऱ्या जमिनीला दोन वर्षं सवलतीची, पुढे नऊ-दहा वर्षांपर्यंत सहामाही हप्ते. इतर सरकारी बँकांकडेही याच धाटणीचं कर्ज असतं, अटी शाखेत विचाराव्या लागतात.

तुमच्यासारख्यांचं घोडं अडतं ते ‘दोन वर्षांच्या परतफेडी’वर. त्यावर उपाय आहे, पण घाई चालत नाही. सातबाऱ्यावर नाव आल्यावर आधी त्याच जुन्नरच्या जमिनीवर किसान क्रेडिट कार्ड काढा. जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण लागत नाही. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज ७ टक्क्यांनी मिळतं, वेळेवर फेडलं तर केंद्राची ३ टक्के सूट, आणि उरलेला भार उचलायला राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना आहे. कर्ज घ्या, त्या जमिनीत खरंच पीक घ्या, मुदतीच्या आत फेडा, पुन्हा उचला. दोन वर्षांत तुमच्या नावावर शेतीकर्जाची स्वच्छ वही तयार होते. मात्र किसान क्रेडिट कार्डाचा पैसा जमिनीच्या इसाराला लावू नका. ते पीककर्ज आहे, वर्षाच्या आत परत करायचं असतं. ते जमिनीत अडकलं की खातं थकतं आणि ज्या वहीसाठी एवढी खटपट केली तीच खराब होते.

नोकरीचा मुद्दा बँक काढणारच. काही शाखा पगारदाराला लहान शेतकरी म्हणून धरायला तयार नसतात, काहींना उलट पगाराची खात्री वाटते. नवरा-बायकोपैकी ज्याची नोकरी अर्धवेळ किंवा घरून आहे आणि जो खरोखर शेतावर जाणार आहे, त्याच्या नावावर अर्ज करणं शहाणपणाचं. अर्थात तोही कागदावर शेतकरी हवा. अर्ज घणसोलीच्या शाखेत करू नका. जमीन ज्या गावात, त्या गावाची शाखा मुरबाडला किंवा शहापूरला असेल. तिथे शेतीचा अधिकारी असतो आणि तो जमीन पाहायला येऊ शकतो. ठाणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक आणि गावची विविध कार्यकारी सोसायटी पीककर्जासाठी उपयोगी. जमीन मिळाल्यावर सोसायटीचं सभासदत्व जरूर घ्या. एके काळी दीर्घ मुदतीचं कर्ज भूविकास बँका देत, त्या आता नाहीत, त्यामुळे गावातल्या जुन्या माणसांच्या सल्ल्यातली ती वाट सोडून द्या.

आकडा बघा. बँकेने ६ लाख दिले, १० टक्के व्याज, एक वर्ष सवलतीचं (त्या वर्षी ६० हजार फक्त व्याज), मग १८ सहामाही हप्ते. प्रत्येक हप्ता सुमारे ५१,३३० रुपये, म्हणजे वर्षाला १ लाख ३ हजार. पाणी असलेल्या एकरात पावसाळ्यात भात आणि नंतर भेंडी, काकडी, गवार घेऊन वाशीच्या बाजारात किंवा थेट सोसायट्यांमध्ये माल दिला तर हा हप्ता शेतीतून निघण्याची शक्यता तरी आहे. २० लाखांचा निघणार नाही. एवढ्यासाठीच शेतीकर्ज लहान ठेवा.

दुसरी मेख मूल्यांकनाची. विक्रेता २५ लाख मागतो, बँकेचा मूल्यांकनकार रेडी रेकनर (सरकारी दरपत्रक) आणि आसपासची नोंदणी झालेली खरेदीखतं पाहून, समजा, १४ लाख लावतो. ८५ टक्के त्या १४ लाखांचे, म्हणजे ११ लाख ९० हजार. उरलेले १३ लाख १० हजार तुमचे. ‘खरेदीखतात १४ दाखवू, वरचे रोख द्या’ हा प्रस्ताव इथे येतोच. तो घेऊ नका. स्थावराच्या व्यवहारात २० हजारांवर रोख रक्कम स्वीकारायला आयकर कायद्याने मनाई आहे आणि दंड तेवढ्याच रकमेचा आहे. शिवाय व्यवहार फिसकटला तर रोख दिल्याचा पुरावा तुमच्याकडे काहीच नसतो.

वरखर्च वेगळा: ग्रामपंचायत हद्दीत मुद्रांक शुल्क अधिभारासह साधारण ४ ते ५ टक्के, नोंदणी फी १ टक्का पण जास्तीत जास्त ३० हजार. त्यात वकिलाचा शोध अहवाल, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस आणि मोजणी फी मिळवा. २५ लाखांच्या व्यवहारात दीड ते पावणेदोन लाख यात जातात आणि यासाठी कोणी कर्ज देत नाही. तुमच्या १४ लाखांतून हे आधी वजा करा.

घणसोलीच्या घरावर कर्ज

बहुतेक नोकरदार शेवटी इथेच येतात. फ्लॅट स्वतःचा असेल तर त्याच्या मूल्याच्या साधारण ५० ते ७० टक्क्यांपर्यंत मालमत्ता तारण कर्ज मिळतं, मुदत १५ वर्षांच्या आसपास. गृहकर्ज चालू असेल तर त्यावर टॉप-अप, ते जरा स्वस्त पडतं. सिडकोच्या भाडेपट्ट्यावरचं घर असेल तर गहाणासाठी सिडकोची ना-हरकत लागते, तिला लागणारा वेळ इसाराच्या मुदतीत धरा.

अर्जात हेतू खरा लिहा. काही बँका ‘शेतजमीन खरेदी’ असा हेतू दिसला की नकार देतात. अशा वेळी ‘घरदुरुस्ती’ लिहायला सांगणारा एजंट भेटतो, त्याचं ऐकू नका. दुसऱ्या बँकेत जा. व्याजदर फ्लोटिंगच घ्या. वैयक्तिक, बिगर-व्यवसाय कारणासाठी घेतलेल्या फ्लोटिंग कर्जाला मुदतीआधी फेडल्याचा दंड नसतो, त्यामुळे बोनस आला की मुद्दल कमी करता येतं. आणि स्पष्ट सांगतो, राहतं घर तारण ठेवून घेतलेल्या कर्जाचा हप्ता फक्त एका पगारातून जाईल एवढाच ठेवा. दोघांचे पगार मिळून जेमतेम बसणारा हप्ता घेतला आणि एकाची नोकरी गेली, तर शेत वाचवताना घर जातं.

सोन्यावर कर्ज पटकन मिळतं, पण मुदत बहुधा वर्षाची असते. बोनस किंवा मुदतठेव वर्षाच्या आत यायची असेल तरच इसारासाठी वापरा. विमा पॉलिसीवर सरेंडर मूल्याच्या ८५-९० टक्क्यांपर्यंत उचल मिळते आणि तिला मासिक हप्त्याचा जाच नसतो. भविष्यनिर्वाह निधीतून घर किंवा घराच्या प्लॉटसाठी रक्कम काढता येते, शेतजमिनीसाठी नाही. वैयक्तिक कर्ज काढून जमीन घेऊ नका, एवढंच त्याबद्दल.

विक्रेत्याकडूनच मुदत घेणं

गावाकडचे कित्येक व्यवहार याच मार्गाने होतात आणि नीट बांधले तर नव्या माणसाला सोयीचे असतात. २५ लाखांपैकी ८-१० लाख साठेखताच्या (पुढे खरेदीखत करून देण्याच्या कराराच्या) वेळी आणि बाकी १८ ते २४ महिन्यांत ठरलेल्या तारखांना, असं बसवता येतं. विक्रेत्यालाही मुलीच्या लग्नाला किंवा घर बांधायला पैसा टप्प्याटप्प्यानेच लागत असतो.

साठेखत नोंदणीकृतच हवं. साध्या ५०० च्या मुद्रांकावर नोटरी केलेल्या इसारपावतीच्या जोरावर दुसऱ्याला झालेली विक्री थांबवता येत नाही. ताबा आधी घेतला तर साठेखतालाच पूर्ण मुद्रांक लागतो, तो पुढे खरेदीखतात वजा मिळतो. त्यात लिहून घ्या: प्रत्येक हप्त्याची तारीख आणि धनादेश क्रमांक, हप्ता चुकला तर किती दिवसांची सवलत, विक्रेत्याने जमीन कोणाकडे गहाण ठेवायची नाही, आणि विक्रेता मयत झाल्यास वारसांवर करार बंधनकारक. सगळ्या वारसांच्या, विशेषतः मुलींच्या, संमतीदार म्हणून सह्या घ्या. खरेदीखत करून मिळण्याचा दावा ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांतच करता येतो. ‘बघू पुढच्या वर्षी’ करत चार वर्षं घालवणाऱ्याच्या हातात नुसता कागद उरतो. आणि कुलमुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्वच्छ केलंय. ‘आत्ता मुखत्यार करून देतो, खरेदी नंतर’ असा पर्याय स्वीकारू नका.

बँकेचं कर्ज आणि विक्रेत्याची मुदत एकत्र करता येते का? येते, पण खरेदीखताच्या दिवशी बँकेचा डिमांड ड्राफ्ट थेट विक्रेत्याच्या नावे निघतो आणि बँकेला जमिनीवर पहिला बोजा हवा असतो. विक्रेत्याचं येणं शिल्लक असेल तर त्याचाही कायद्याने जमिनीवर हक्क राहतो. म्हणून क्रम असा: आधी विक्रेत्याचे हप्ते तुमच्या बचतीतून, शेवटचा मोठा हिस्सा बँकेचा, आणि त्याच दिवशी खरेदीखत.

घ्यायच्या आधी कसून बघा

नव्या माणसाला मी हाच रस्ता सगळ्यात आधी सुचवतो. इच्छित गावात वर्षभर खंडाने (भाड्याने) किंवा अर्धेलीने (पिकाच्या निम्म्या वाट्याने) जमीन करा. कूळ लागेल (कसणारा जमिनीवर हक्क सांगेल) या धास्तीने मालक लेखी द्यायला कचरतात. त्यांच्याशी मोकळं बोलून एका हंगामापुरता व्यवहार ठेवला तर बहुतेक तयार होतात. यातून कर्ज मिळत नाही, पण किती कर्ज काढायचं नाही ते कळतं. शहापूर तालुक्यात भातसा, तानसा, वैतरणा अशी मुंबईला पाणी देणारी धरणं आहेत आणि त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. जुलैत तुडुंब दिसणारी विहीर एप्रिलच्या शेवटी पाहा. खडक लागतो का, ओढा बारमाही आहे की फक्त गणपतीपर्यंत, हे खरेदीआधी कळलं तर भावात बोलता येतं.

कागद, ज्यावर कर्ज अडतं

बँकेचा वकील तीस वर्षांचा शोध घेतो. तो घेईलच म्हणून इसार आधी देऊन टाकू नका. पहिली नजर सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यावर. तिथे सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, बहिणींची नावं, ‘कलम ४३ च्या बंधनास पात्र’ असे शेरे असतात. या शेवटच्याची भीती दाखवून बरेच पैसे उकळले जातात. हा शेरा कुळाने कुळवहिवाट कायद्याच्या कलम ३२ग खाली विकत घेतलेल्या जमिनीवर असतो. ३२म चं (त्या खरेदीचं) प्रमाणपत्र मिळून दहा वर्षं झाली असतील तर २०१४ च्या दुरुस्तीप्रमाणे आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) ४० पट रक्कम भरून शेतकऱ्याला विक्री करता येते. सातबाऱ्यावर आकार ४ रुपये ५० पैसे असेल तर भरणा १८० रुपये! त्यासाठी कोणी दोन लाख मागत असेल तर तहसीलात जाऊन चलन स्वतः काढा. इनाम, वतन किंवा सरकारने वाटप केलेली भोगवटादार वर्ग २ ची जमीन मात्र वेगळी, तिचे नियम आणि नजराणा वेगळा. त्यात पहिली खरेदी करू नका.

आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही (महसूल संहिता, कलम ३६ आणि ३६अ). शहापूर, मुरबाड, भिवंडीत हा प्रश्न पावलोपावली येतो. आज नाव बिगर-आदिवासीचं दिसलं तरी मागचे फेरफार काढून ती आधी कोणाची होती ते पाहा.

ठाणे जिल्ह्याची आणखी एक खास मेख म्हणजे खाजगी वन. १९७५ च्या महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियमाखाली बऱ्याच डोंगर-उताराच्या, वरकस (हलक्या, भात न होणाऱ्या) जमिनी वनविभागाकडे गेल्याच्या नोंदी आहेत, प्रत्यक्षात तिथे पिढ्यानपिढ्या राब आणि नाचणी होत असते. सातबाऱ्यावर किंवा फेरफारात ‘वन’, ‘कलम ३५’ असं काही दिसलं तर वनविभागाचं लेखी पत्र मिळेपर्यंत एक रुपया देऊ नका. स्वस्त वरकस मिळते ती बहुतेकदा याच कारणाने.

क्षेत्राचंही बघा. ऑगस्ट २०२३ पासून ठाणे जिल्ह्यात शेतीसाठी प्रमाणभूत क्षेत्र जिरायत २० गुंठे, बागायत १० गुंठे. त्याहून लहान तुकडा शेती विभागात स्वतंत्र विकत घेता येत नाही. ‘सातबाऱ्यावर नाव लावून देतो’ म्हणत पाच-पाच गुंठ्यांचे फार्महाऊस प्लॉट विकणारे सामाईक सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं चढवतात. त्यावर बँक कर्ज देत नाही, वाटप होत नाही, आणि बोअरला वीजजोडणी घ्यायची तर प्रत्येक सहमालकाची सही लागते. चार मित्रांनी मिळून दोन एकर घेण्याला माझी हरकत नाही, पण प्रत्येकाचा हिस्सा प्रमाणभूत क्षेत्राएवढा हवा, सगळे शेतकरी हवेत, आणि खरेदीपूर्वीच कोण कुठे कसणार, रस्ता-विहीर कशी वाटणार याचा नोंदणीकृत करार हवा.

मोजणी करून ‘क’ प्रत (हद्दी दाखवणारा मोजणी नकाशा) घ्या, ती शेजाऱ्यांच्या बांधाशी जुळते का पाहा. रस्ता नकाशावर आहे की शेजाऱ्याच्या मेहेरबानीवर, हे विचारा. समृद्धी महामार्ग, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग, विरार-अलिबाग मार्गिका यांच्या संपादनात गट येतो का, हे प्रांत कार्यालयात तपासा. संपादन होऊन मोबदला मिळेल या आशेने चढ्या भावाने घेतलेली जमीन शेतीला निरुपयोगी ठरते, कारण तिथे फळझाड लावायची हिंमत होत नाही.

अनुदानं: काय मिळतं, काय मिळत नाही

बहुतेक योजनांत जमिनीची किंमत प्रकल्प खर्चात धरत नाहीत. कृषी पायाभूत सुविधा निधीत दोन कोटींपर्यंतच्या कर्जाला सात वर्षं ३ टक्के व्याजसवलत आहे, पण ती गोदाम, पॅकहाऊस, शीतगृहाला. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेचं ३५ टक्के अनुदान यंत्रांना. यातला पैसा जमिनीला वळवण्याचा विचारही करू नका. मात्र जमीन नावावर आल्यावर याच योजना तुमच्या १४ लाखांतल्या उरलेल्या पैशाला हातभार लावतात. भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत कोकणासाठी किमान क्षेत्र फक्त १० गुंठे आहे. अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं, झाडं जगल्याच्या प्रमाणात मिळतं. सौर कृषीपंपाला तुमचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्तीचा पंप. पाण्याचा स्रोत आधी असावा लागतो, म्हणून विहीर पहिली.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध समाजातल्या दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन शेतमजुरांसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना आहे. चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत, २०१८ पासून शंभर टक्के अनुदानावर. एकरी मर्यादा जिरायतला ५ लाख, बागायतला ८ लाख. ठाण्यात या भावात विकणारा मिळणं अवघड आहे हे खरं, तरी पात्र कुटुंबाने समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे अर्ज करून ठेवावा; हक्काची योजना आहे.

तुमच्यापुरता सल्ला द्यायचा तर: जुन्नरच्या सव्वादोन एकरांतला हिस्सा या वर्षी नावावर करून घ्या, किसान क्रेडिट कार्ड सुरू करा, आणि त्याच वेळी मुरबाडला एक हंगाम खंडाने जमीन करा. दोन वर्षांत तुमचे १४ लाख बहुधा १८-१९ होतील. मग १६-१८ लाखांत बसणारी, एप्रिलमध्ये पाणी दिसणारी २५-३० गुंठ्यांची जमीन घ्या, शेतीकर्ज सहा-सात लाखांच्या पुढे नेऊ नका, घर तारण ठेवू नका. जुन्नरला चुलत्यांपैकी कोणी हिस्सा विकत असेल तर त्याचाही भाव विचारा. तिथे पाण्याची सोय आणि भाव दोन्ही मुरबाडपेक्षा बरे निघू शकतात.

कर्ज फिटल्यावर एक काम बहुतेकजण विसरतात. बँकेकडून कर्ज निरंक झाल्याचं पत्र आणि मूळ खरेदीखत घ्या, गहाणखत नोंदणीकृत असेल तर सोडपत्र करून घ्या, आणि ते पत्र ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा तलाठी) देऊन ‘इतर हक्का’तला बोजा कमी केल्याचा फेरफार स्वतः उभं राहून घालून घ्या. नवा सातबारा काढून तो रकाना कोरा झालाय का, हे डोळ्यांनी बघा.